दोनच ना?

"वी," मी म्हणाले.

मादाम व्हासर यांनी टेलिफोनच्या रिसीव्हरवर हात ठेवून मला काहीतरी विचारलं होतं. प्रश्न लांबलचक होता. त्यातले 'भारतीय' आणि 'इस्पितळ' एवढे दोनच शब्द माझ्या हाती लागले. भुवया उंचावून त्या माझ्याकडे पाहत होत्या, म्हणजे काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. म्हणून मी म्हणाले, "वी." म्हणजे हो.

त्या फोनवर भराभर बोलल्या, रिसीव्हर ठेवला, खुर्चीच्या पाठीवरचा कोट उचलला आणि माझ्या दंडाला धरून मला बाहेर घेऊन निघाल्या.

मी त्यांच्याकडे वेगळ्याच कामासाठी गेले होते. १९९८ सालचा ऑक्टोबर होता. इचलकरंजीहून निघून फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या ल आव्र या बंदराच्या शहरात येऊन मला पाच आठवडे झाले होते. तिथल्या विद्यापीठात बंदरं आणि मालवाहतूक या विषयाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मी घेतला होता. निघण्याआधी पुण्यात राहून फ्रेंचच्या तीन परीक्षा दिल्या होत्या आणि तिन्हींत पहिली आले होते. पण पुण्यातलं फ्रेंच पुस्तकात गप्प बसून असायचं, इथलं तोंडातून सुटलं की थांबतच नव्हतं. पहिल्या आठवड्यात "पुन्हा सांगाल का?" असं विचारायला मी दोन-तीनदा तोंड उघडलं, पण वाक्य जुळेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असायचा. मग मी वी म्हणायला लागले. कॅन्टीनमध्ये वी म्हटलं की ताटात काहीतरी पडायचं. वर्गात वी म्हटलं की सर दुसऱ्याकडे वळायचे. बरं चाललं होतं, फक्त मला काही कळत नव्हतं.

एका जागी बसवायचं नाही. वसतिगृहाची खोली आठ पावलांची, खिडकीवर सारखा वारा आपटत असायचा. मी बाहेर पडायचे, सरळ रेघेसारख्या रस्त्यांवरून समुद्रापर्यंत जायचे. तिथे वाळू नव्हती, गोटे होते. पायाखाली खडखड वाजायचे. तिथून बंदराच्या कुंपणापर्यंत, मग परत खोलीवर, दार लावलं की पुन्हा बाहेर. तासाला बसले तरी मधल्या सुटीत पिशवी उचलून निघायचे. रविवारी घरी फोन केला की आई विचारायची, "जमतंय ना गं?" मी सांगायचे, "मस्त चाललंय." आमच्या गल्लीनं निघताना माझा सत्कार केला होता. शाल, श्रीफळ, मंडळाच्या अध्यक्षांचं भाषण. ती शाल मी बॅगेच्या तळाशी ठेवून दिली होती.

शेवटी मी एक वाक्य पाठ केलं. 'मला प्रवेश रद्द करायचा आहे.' आरशासमोर उभं राहून वीस वेळा म्हटलं. परदेशी विद्यार्थ्यांचं सगळं मादाम व्हासर बघायच्या, म्हणून त्या गुरुवारी सकाळी त्यांच्याकडे गेले. मी तोंड उघडणार तोच फोन वाजला होता.

गाडीत त्या बोलत होत्या आणि मी मान हलवत होते. माझी समजूत अशी की मला छातीच्या एक्स-रेला नेताहेत. परदेशातून आलेल्या सगळ्यांना तो काढावाच लागायचा. मनात म्हटलं, जाऊ दे, एक्स-रे काढू आणि परतताना पाठ केलेलं वाक्य बोलू.

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर एका खोलीच्या दारात उंच, पांढऱ्या आखूड केसांच्या डॉक्टर उभ्या होत्या. त्यांचं नाव मार्सो. त्यांनी माझा हात जोरात हलवला आणि दार उघडलं. आत पलंगावर एक सावळा, पिकल्या दाढीचा माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. उजवा पाय बँडेजमध्ये. शेजारच्या टेबलावर जेवणाचं ताट तसंच झाकलेलं.

तेव्हा मला कळलं की मी कशाला हो म्हणाले होते.

"आप... हिंदी बोलते हैं?" मी विचारलं.

त्यानं वळून पाहिलं. "थोडा थोडा."

"मैं इधर पढ़ती हूँ। मेरा नाम सुनीती चौगुले है।"

तो कोपरावर अर्धा उठला. "चौगुले? कुठली गो तू?"

"इचलकरंजीची."

"म्हणजे घाटावरची!" त्याचे डोळे एकदम भरून आले आणि तो हसला. "मी अंजनवेलचा. दाभोळच्या खाडीवर. सुलेमान होडेकर. चार दिवस झाले, माणसाचा शब्द ऐकला नाय कानानं."

होडेकर काका एका मालवाहू जहाजावर इंजिनात तेलपाण्याचं काम करायचे. अठ्ठावीस वर्षं तेच. भर समुद्रात जहाज हेलकावलं आणि इंजिनखोलीच्या जमिनीवर बसवायचा जड लोखंडी पत्रा त्यांच्या पायावर पडला. बंदर यायला तीन दिवस लागले. तोवर पाय सुजून काळा पडला. कप्तानानं त्यांना इथे उतरवलं, जहाज पुढे हँबुर्गला गेलं. त्यांना जहाजावरचं इंग्रजी यायचं, म्हणजे 'व्हॉल्व' आणि 'येस सर'. इथल्या डॉक्टरांचं इंग्रजी त्याहून फार नव्हतं. आदल्या दिवशी कोणीतरी हातानं कापायची खूण करून दाखवली, तेव्हापासून ते कोणाला जवळ येऊ देत नव्हते.

डॉक्टर मार्सोंनी मला बाहेर बोलावलं. व्हरांड्यात उभ्या उभ्या त्या बोलल्या, मधेच घड्याळ बघत, कारण पलीकडून कोणीतरी त्यांना हाक मारत होतं. मी कान टवकारून ऐकलं. 'कुपे' म्हणजे कापणं, ते कळलं. 'दे' म्हणजे दोन. मग एक शब्द आला, 'ऑर्तेय', तो मी आयुष्यात ऐकला नव्हता. मग आणखी काही, आणि शेवटी 'पिये' म्हणजे पाऊल. दोन म्हणजे दोन दिवसांत, असं मी धरलं.

"कळलं?" त्यांनी विचारलं.

"वी."

त्या निघून गेल्या. मादाम व्हासर त्यांच्या कामाला आधीच परतल्या होत्या. मी आत आले.

"पाऊल कापावं लागेल म्हणतात, काका. दोन दिवसांत."

त्यांनी चादरीवरचा हात तेवढा उलटा-सुलटा केला. मग म्हणाले, "सगळा?"

"हो."

"नाय. एका पायावर घरी जाऊन काय करू? मला विमानात घाला म्हणावं. जे व्हायचं ते घरी होऊ दे."

नर्स एक कागद घेऊन आली. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं मी वाचू शकत होते: रुग्ण शस्त्रक्रियेस नकार देत आहे, परिणामांची कल्पना त्याला दिली आहे. नर्सनं त्यांच्या हातात पेन दिलं. त्यांनी ते घेतलं, कागदावर टेकवलं आणि थांबले.

"बाय," ते म्हणाले, "तुला नीट कळलं ना ती काय बोलली ते?"

पाच आठवड्यांत हा प्रश्न मला शंभर वेळा विचारला गेला असेल आणि शंभर वेळा मी हो म्हटलं होतं. पण तो फ्रेंचमध्ये. आता तोच प्रश्न मराठीत आला, माझ्याकडे एकटक बघणाऱ्या माणसाकडून, आणि माझ्या तोंडातून हो निघेना.

"नाही," मी म्हणाले. "पूर्ण नाही कळलं. एक शब्द अडला."

"मग जा आणि विचारून ये. मी थांबतो."

मी व्हरांड्यात धावले. डॉक्टर मार्सो कुठेच दिसेनात. एका खोलीत डोकावले, तिथल्या म्हातारीनं मला हाकललं. दुसऱ्या टोकाला जिन्यापाशी त्या दिसल्या. मी त्यांच्या पांढऱ्या कोटाची बाही धरली. कोणी असं धरत नाही तिथे, हे मला नंतर कळलं.

"ज ने पा काँप्री," मी म्हणाले. मला समजलं नाही.

त्यांनी वळून पाहिलं. मी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. मला समजलं नाही. जिन्यावरून जाणारी दोन माणसं थांबली. त्यांच्या देखत मी हे बोलले आणि काहीही झालं नाही. कोणी हसलं नाही. डॉक्टरांनी खिशातून पाकीट काढलं, कसल्या तरी औषधाचं होतं, ते उलटं करून त्यावर पेननं पाऊल काढलं. पाच बोटं काढली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, या दोन्हींच्या मुळाशी एक रेघ मारली. "ऑर्तेय," त्या म्हणाल्या आणि रेघेवर पेन आपटलं. मग सगळ्या पावलाभोवती एक गोल काढला. "हे वाचवायला."

पायाची बोटं. पुण्यात शरीराच्या अवयवांचा धडा होता, त्यात ती नव्हती.

मला हसू आलं. मी जाऊ लागले तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि या वेळी सावकाश, एकेक शब्द सुटा करत सांगितलं: उघडल्यावर तिसरं बोटही खराब निघालं, तर तेही काढावं लागेल. त्याला हे सांगा.

हे मात्र मला स्वच्छ कळलं.

होडेकर काका पेन तसंच धरून बसले होते. मी त्यांना चित्र दाखवलं. "दोन बोटं, काका. फक्त बोटं. पाऊल वाचवायला."

त्यांनी चित्र हातात घेऊन डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. "इंजिनात उतरायला सरळ उभी शिडी असते. तिच्यावर पाय टिकेल काय, विचार."

तोवर डॉक्टर येऊन पोचल्या होत्या. मी विचारलं. शिडी हा शब्द येत नव्हता, हातानं चढून दाखवलं. त्यांनी जरा विचार केला. चालता येईल, त्या म्हणाल्या. शिडीचं मला सांगता येणार नाही.

मी तसंच सांगितलं. ते गोड करून सांगावंसं वाटलं, पण नाही केलं. काकांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "दे तो दुसरा कागद."

नर्सनं संमतीचा कागद दिला. त्यांनी पेन टेकवलं. आणि पुन्हा थांबले.

"दोनच ना?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम आला होता. चार दिवस एकटा पडलेला माणूस मोठ्या मुश्किलीनं तयार झाला होता. तिसऱ्या बोटाचं सांगितलं असतं तर तो मागे फिरला असता, असं मला वाटलं. आणि तिसरं खराब निघेलच असं कुठे होतं?

"दोनच," मी म्हणाले.

त्यांनी उर्दूत सही केली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी शस्त्रक्रिया होती. मी तासाला गेलेच नाही. समुद्रापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. इस्पितळाची बस पकडायला तीन वाजता थांब्यावर उभी राहिले आणि पहिली आलेली बस सोडून दिली. दुसरीही सोडणार होते.

मी खोलीत शिरले तेव्हा ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडलेले.

"काका?"

मी पलंगाजवळ गेले.

"दुखतंय का?"

"तीन," ते भिंतीला म्हणाले. "नर्सनं मला बोटं करून दाखवली. तीन नेली. दोन बोलली होती. कागदावर माझी सही घेतली आणि तीन नेली. खोटारडी आहे तुमची डॉक्टरीण."

त्याच वेळी डॉक्टर मार्सो आत आल्या. चेहरा दमलेला, पण खूश. पाऊल वाचलंय, त्यांनी मला सांगितलं, रक्त व्यवस्थित वाहतंय. मग त्यांनी काकांकडे पाहिलं. "तो काय म्हणतोय?"

दोघांच्या मधे मी उभी होते. डॉक्टरांना सांगता आलं असतं की ते आभार मानताहेत. काकांना सांगता आलं असतं की डॉक्टर माफी मागताहेत. दोघांनाही ते खरं वाटलं असतं, आणि दोघांनाही खरं कधीच कळलं नसतं.

"काका, त्या खोटं नाही बोलल्या," मी म्हणाले. "तिसरंही काढावं लागेल कदाचित, हे त्यांनी काल सांगितलं होतं. तुम्हाला सांगायलाही सांगितलं होतं. मीच नाही सांगितलं."

ते हळूहळू माझ्याकडे वळले.

"कळलं नव्हतं तुला?"

"कळलं होतं."

"मग?"

"तुम्ही सही करणार नाही असं वाटलं."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, काय चाललंय? मी मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये त्यांनाही सांगितलं. त्यांचा चेहरा बदलत गेला. त्या ओरडल्या नाहीत. शांतपणे, मला समजावं म्हणून अगदी सावकाश म्हणाल्या की उद्यापासून दुसरं कोणीतरी शोधू.

"काय म्हणाली?" काकांनी विचारलं.

"उद्यापासून दुसरं कोणीतरी येईल म्हणतात."

"या मुलखात मराठीवालं दुसरं कोण मिळणार तिला?" ते उठून बसायला बघू लागले, तेवढ्यानं त्यांना कळ आली. दात आवळून थांबले. मग म्हणाले, "सांग तिला, हीच पाहिजे म्हणावं."

मी ते कसं सांगू? जीभ उचलेना. "सांग की," ते म्हणाले. मी मान खाली घालून सांगितलं. डॉक्टरांनी आम्हा दोघांकडे पाहिलं, एकदा मान डोलावली आणि त्या गेल्या.

"आता ऐक," काका म्हणाले. आवाजात राग तसाच होता. "तुला वाटलं म्हातारा घाबरेल. अठ्ठावीस वर्षं इंजिनात काढली मी. एकदा आग लागली तेव्हा आत राहून व्हॉल्व बंद केलाय. तीन बोलली असतीस तरी सही केली असती. नसती केली तर तो माझा पाय होता. काय?"

"हो."

"तिचं असेल ते माझ्या कानात घाल. माझं असेल ते तिच्या कानात घाल. मधे तुझं घालू नको."

त्यानंतर त्यांनी चादर तोंडावर ओढून घेतली. मी खिडकीशी जाऊन खालच्या गाड्या बघत उभी राहिले. मागून आवाज येत होता. तो थांबेपर्यंत मी वळले नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. मी रोज जाऊ लागले. सकाळी तासाला, दुपारी इस्पितळात. काकांना मांस नको होतं, भात हवा होता. ते सांगायला मी स्वयंपाकघरातल्या बाईंशी भांडले, फ्रेंचमध्ये. वर्गातही मी हात वर करून 'समजलं नाही' म्हणायला लागले, इतक्या वेळा की मागच्या बाकावरचे कंटाळले. प्रवेश रद्द करायचं राहूनच गेलं. ठरवून नव्हे, त्या दिवसांत त्याच्यासाठी वेळ मिळाला नाही. तीन आठवड्यांनी काकांना विमानानं घरी पाठवलं. ते पुन्हा जहाजावर गेले नाहीत, शिडीचं शेवटी जमलंच नाही. त्याचं त्यांना फार वाईट वाटलं असणार. पत्रांत त्यांनी तसं कधी लिहिलं नाही. मी अभ्यासक्रम पुरा केला, पण बंदरांच्या कामात काही शिरले नाही. गेली बावीस वर्षं कोर्टात आणि इस्पितळांत दोन माणसांच्या मधे उभी राहून एकाचं दुसऱ्याला सांगते. तोच माझा व्यवसाय.

पण मला सारखा आठवतो तो ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीचा, शनिवारचा फोन. काकांच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या मुकादमांच्या दुकानात होता, काकांनी नंबर पाठ सांगितला. "तीन सांग," त्यांनी बजावलं होतं. "दोन नको सांगू." माझ्याकडचे दुपारचे दोन, तिकडचे साडेपाच. इस्पितळाच्या फाटकापाशी काचेच्या बूथमध्ये मी उभी होते. कोणीतरी काकूंना बोलवायला पळालं, आणि मग धापा टाकत एक आवाज आला.

"कोण?"

मी नाव सांगितलं, कुठून बोलतेय ते सांगितलं.

"आहे ना तो?"

"आहेत. काल ऑपरेशन झालं. उजव्या पायाची तीन बोटं काढली."

"पाय?"

"पाय आहे. चालता येईल म्हणतात. जहाजाचं अजून सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या."

पलीकडे दुकानात कोणीतरी काहीतरी मागत होतं, कोणीतरी त्याला गप्प केलं. मी ते ऐकत उभी राहिले. मधे काही बोलावंसं फार वाटत होतं. बोलले नाही.

"जहाज कंपनीचा एजंट काल सांगत होता, काही नाय झालं, जरासं लागलंय," त्या अखेर म्हणाल्या. "तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आता तू बोललीस, आता बरं वाटतं." मग आवाज खाली आणून, दुकानातल्यांना ऐकू जाऊ नये असा, "एक विचारू गो? रडला काय तो?"

बूथच्या काचेवर वारा आदळत होता.

"ते मी नाही सांगणार, काकू," मी म्हणाले. "ते त्यांचं त्यांना विचारा."

पलीकडे मग त्या हसल्या. अंजनवेलपासून ल आव्रपर्यंत पोचेल इतक्या मोठ्यानं हसल्या.

"म्हणजे रडला," त्या म्हणाल्या. "मग होईल बरा."